चारशेवर अडकलेला कार्बन डायऑक्साइड मापक

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी टेबलावर ठेवायचा कार्बन डायऑक्साइड मापक जूनमध्ये साडेसहा हजार रुपयांना मागवला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीची यंत्रे वेगवेगळ्या नावांनी विकली जातात. घेताना एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे आतला संवेदक अवरक्त किरणांवर चालणारा, म्हणजेच ‘एनडीआयआर’ प्रकारचा असावा. बाजारातली बरीचशी स्वस्त यंत्रे हा वायू मोजतच नाहीत; हवेतल्या इतर बाष्पांवरून अंदाजाने आकडा दाखवतात, त्यामुळे स्वयंपाकघरात फोडणी पडली किंवा उदबत्ती लावली तरी त्यांचा काटा उसळतो.

मागचे चार स्क्रू काढले की सोनेरी मुलाम्याची, बोटाच्या पेराएवढी नळी दिसते. तिच्या एका टोकाला इवलासा दिवा आहे आणि दुसऱ्या टोकाला फक्त ४.२६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपासचे किरण आत घेणारा शोधक. कार्बन डायऑक्साइडचे रेणू हे किरण शोषून घेतात, तर कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन ते बिनबोभाट जाऊ देतात. शोधकापर्यंत किरण जितके कमी पोहोचतील तितका पडद्यावरचा आकडा मोठा. पृथ्वीवरून अवकाशाकडे निघालेली उष्णता हाच वायू मुख्यतः १५ मायक्रॉनच्या पट्ट्यात अडवतो, एवढाच काय तो फरक. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत नळीत वायू भरून हे शोषण मोजले होते, आणि शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाई बेटांतल्या मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर ज्या यंत्राने हवा मोजली तेही अवरक्त किरणांचेच होते. हरितगृह परिणाम टेबलावर उघडून दाखवता येतो, यासाठीच मला हा मापक आवडला.

वर्गातही त्याने चांगले काम केले. पावसामुळे खिडक्या बंद असलेल्या वर्गात ४८ मुले बसल्यावर चाळीस मिनिटांत आकडा ५२० पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख भागांत ५२० भाग) १९०० वर गेला आणि खिडक्या उघडताच दहा मिनिटांत ७०० च्या खाली आला. एका मुलाने नळीवर फुंकर मारली तेव्हा यंत्राने ५००० वर हात टेकले, कारण त्याची मर्यादा तेवढीच आहे आणि उच्छ्वासात सुमारे ४०,००० पीपीएम असतात.

सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल मात्र तक्रार आहे. हरितगृह वायू ‘काचेच्या झाकणासारखे गरम हवा कोंडून ठेवतात’ असे त्यात छापले आहे. काचेचे घर मुख्यतः हवेची ये-जा थांबवून तापते; हे वायू हवा अडवत नाहीत, ते उष्णतेचे किरण शोषतात आणि त्यांतला काही भाग पुन्हा जमिनीकडे सोडतात. विज्ञानाचे उपकरण विकणाऱ्याने इतके तरी नीट लिहायला हवे होते.

दुसरी उणीव अधिक गमतीची आहे. यंत्र आठवड्यातला सर्वांत कमी आकडा ‘मोकळी हवा’ समजून त्याला आपोआप ४०० पीपीएम ठरवते, आणि हा पाया बदलण्याची सोय दिलेली नाही. कीलिंग यांनी सुरुवात केली तेव्हा हवेत सुमारे ३१५ पीपीएम होते. २०२४ ची मौना लोआची वार्षिक सरासरी ४२४ च्या पुढे गेली. म्हणजे गच्चीवर ठेवलेले माझे यंत्र सुमारे २५ ने कमी दाखवते. ±५० पीपीएम अचूकतेच्या उपकरणात ही चूक खपून जाते, आणि वर्षाला दोन-तीन पीपीएमने होणारी वाढ पकडणे त्याच्या आवाक्यातलेही नाही; ते वायुवीजन तपासण्यासाठी आणि शिकवण्यासाठी घ्यावे, हवामानबदल मोजण्यासाठी नव्हे. परंतु ‘‘सर, पुस्तकात वेगळा आकडा आहे,’’ असे नववीतल्या एकीने सुनावल्यापासून यंत्राच्या पाठीवर ‘अधिक २५’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली आहे.