हापूस थेट विकायचाय: पेज काढावं की ओळखी धराव्यात?

डिसेंबरात कलमांना मोहोर दिसू लागला की गावाकडच्या कुणा ना कुणा मुलाचा फोन येतोच. "दादा, औंदा वाशीक माल धाडूचो नाय. पेज काढू काय वळखीत विकू?" वाशी म्हणजे नवी मुंबईची घाऊक बाजारपेठ, तिथे दलालामार्फत माल विकला जातो; आणि पेज म्हणजे फेसबुकवरचं. आमची कलमं देवगड तालुक्यात आहेत आणि मी नोकरीसाठी पुण्यात असतो. दोन्ही वाटांनी काही हंगाम आंबा विकला आहे, म्हणून जे दिसलं ते सविस्तर लिहितो.

आधी फळाबद्दल. हापूसमध्ये साका निघतो. बाहेरून सोन्यासारखं दिसणारं फळ कापल्यावर आत पांढुरकं, आंबट आणि स्पंजासारखं निघतं. कापल्याशिवाय ते बागायतदारालाही कळत नाही. त्यात दुसऱ्या राज्यातला आंबा 'देवगड' लिहिलेल्या खोक्यात भरून सर्रास विकला जातो. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण रस्त्यावरचा खोका काही स्वतःचं मानांकन बोलून दाखवत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाचा खरा प्रश्न असतो, फळ खराब निघालं तर मी कुणाला फोन करायचा? दोन्ही वाटा याच प्रश्नावर तपासून बघा.

पहिल्या वर्षी मी पेजवर भर दिला होता. घळाने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबा उतरवतानाचे व्हिडिओ, मागे समुद्र, छान संगीत. लोकांना फार आवडलं. इंदूरहून, दुबईहून कौतुक आलं, पण तिथे पेटी पोचवायची सोय माझ्याकडे नव्हती. पुण्या-मुंबईचे बरेच जण "रेट काय?" विचारून गप्प झाले. त्यांचा दोष नाही. मी त्यांच्यासाठी अनोळखी होतो आणि त्यांनी तोच प्रश्न आणखी दहा ठिकाणी विचारला होता. शिवाय फेसबुकने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केलं होतं की लोकांना धंद्याच्या पेजपेक्षा मित्र आणि घरच्यांच्या पोस्ट आधी दिसतील. म्हणजे पैसे न भरता नव्या पेजला पोच मिळणं अवघड. आणि आपला हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचा. पेजची ओळख होईपर्यंत पाऊस दाराशी येतो.

एक व्हिडिओ मात्र अजून फिरतो. त्यात समुद्र नाही, आई आहे. पेटी घरी आल्यावर आंबे भाताच्या पेंढ्यात कसे मांडायचे, कच्चे आंबे फ्रीजमध्ये का ठेवायचे नाहीत, देठाजवळचा वास आणि सालीवरची सुरकुती कशी ओळखायची, हे ती स्वयंपाकघरात बसून दाखवते. तो आमच्या गिऱ्हाइकांनीच शेजारीपाजारी पाठवला, कारण त्या दिवशी त्यांच्या घरात पेटी उघडी होती. पेजवर मजकूर टाकायचाच तर असा टाका.

आता ओळखी. इथे पहिला समज मोडतो तो जवळच्या नातेवाइकांचा. मामा, आत्या, मावसभाऊ यांच्याकडे पेटी भेट म्हणूनच जाते आणि तशीच जावी. त्यांच्याकडे पैसे मागताना जीभ रेटत नाही. माझ्या ऑर्डरी आल्या त्या अर्धवट ओळखीतून: सहकाऱ्याचा मेव्हणा, जुने घरमालक, मुलाच्या शाळेच्या बसथांब्यावर रोज दिसणारे एक काका. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये नोकरी मिळण्याबद्दल असंच काही दाखवलं होतं. ओळखीतून नोकरी लागलेल्या बहुतेकांना ती खबर रोजच्या भेटीतल्या माणसाकडून आलेली नव्हती, अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून आलेली होती. जवळच्यांचं वर्तुळ आपल्याच वर्तुळासारखं असतं, लांबच्या ओळखीचा माणूस नवं दार उघडतो.

पण ओळखीच्या वाटेवर दोन खड्डे आहेत. पहिला ऑफिसचा. आपल्या हाताखाली काम करणाऱ्यांकडून ऑर्डर घेऊ नका, अगदी त्यांनी स्वतःहून मागितली तरी. नको असताना पेटी घेणारा माणूस तोंडावर काही बोलत नाही आणि पुढे वर्षभर त्याच्या मनात ते राहतं. वरिष्ठांच्या बाबतीतही पैसे घेऊन व्यवहार स्वच्छ ठेवा, नाहीतर भेट म्हणजे दुसरंच काही होऊन बसतं.

दुसरा खड्डा मला जास्त महागात पडला. ओळखीचा माणूस तक्रार करत नाही. सोसायटीतल्या एका काकूंच्या पेटीत एका वर्षी बरेच साके निघाले. त्या काही बोलल्या नाहीत, पुढच्या वर्षी "यंदा गावाहून आलेत" म्हणाल्या. खरं कारण मला दोन वर्षांनी तिसऱ्याकडून कळलं आणि फार वाईट वाटलं. अनोळखी गिऱ्हाईक निदान पेजखाली चार ओळी रागाने लिहितं, आपल्याला चूक कळते. तेव्हापासून पेटी पोचल्यावर आठ-दहा दिवसांनी मी प्रत्येकाला फोन करतो आणि थेट विचारतो, किती फळं वाया गेली? तेवढी बदलून देतो. हा खर्च दरातच धरून ठेवा.

दोन्हींच्या मध्ये व्हॉट्सॲप आहे. त्याची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते आणि तुमचा नंबर ज्यांनी जतन केला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो. लोकांना ही अट जाचक वाटते, मला ती मोलाची वाटते. तुमचं नाव ज्याच्या फोनमध्ये नाही, त्याच्याशी तुमची ओळख झालेलीच नाही, एवढं ती सांगून जाते.

मग कोणती वाट? बाग घरची असेल आणि माल शे-दोनशे पेट्यांचा, तर पहिली दोन वर्षं ओळखीच धरा. पुणे, ठाणे, डोंबिवलीत प्रत्येकी एक सोसायटी आणि तिथे पेटी उतरवून घेणारा एक भरवशाचा माणूस मिळाला तरी पुष्कळ. चार-पाच भाऊबंद मिळून मोठा माल काढत असाल तर पेज, जाहिरात आणि दिवसभर फोन उचलणारं माणूस, तिन्ही लागेल. यातलं शेवटचं नसेल तर पहिल्या दोनवर पैसे घालू नका.

आणि वाशीशी नातं तोडू नका. शहरातल्या घराला मोठं, डागविरहित फळ हवं असतं, तेही डझन-दोन डझन. बारीक फळाचं काय? मेच्या शेवटी पावसाआधी सगळं एकदम तयार होतं, त्याचं काय? ते वाशीला किंवा कॅनिंगलाच, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला, जातं. फवारणीच्या वेळी उचल देणारा दलाल हीही वर्षानुवर्षांची ओळखच आहे. त्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, नीट तपासा, हिशेबावरून भांडा, पण सगळा माल एका वर्षात त्याच्याकडून काढून घेऊ नका.

यंदा फोन आला त्या मुलाला एकच काम दिलं आहे. वहीत चाळीस नावं लिहायची, त्यात एकही नातेवाईक नको. प्रत्येकाला मोहोराचा फोटो वेगळा पाठवायचा, नाव घेऊन, दर न सांगता. परवा कळलं, सव्वीस नावं झाली आहेत.