राकूची फिरती भट्टी: ड्रम की विटा?
राकू म्हणजे मातीची भांडी भाजण्याची जपानमधून आलेली पद्धत. यात भांडं साधारण १००० अंशांना लालभडक असतानाच चिमट्याने काढून भुशात ठेवायचं असतं. म्हणून भट्टी झटकन उघडली पाहिजे, आणि इथे पत्र्याचा जुना ड्रम मला फार आवडतो. आतून २५ मिमी सिरॅमिक फायबरचं (उष्णता अडवणाऱ्या, लोकरीसारख्या तंतूंचं) अस्तर, खाली गॅस बर्नरसाठी भोक, वर धुराला वाट. टोपीसारखा उचलला की भांडी समोर! दोघांनी उचलून टेम्पोत ठेवता येतो. फायबरची धूळ मात्र फुफ्फुसांना घातक, मास्कशिवाय कापूच नका.

सच्छिद्र, हलक्या उष्णतारोधक विटा नुसत्या रचूनही भट्टी होते. भांडं उंच असेल तर थर वाढवा. ड्रममध्ये ही सोय नाही. पण प्रवासात विटांच्या कडा झडतात, आणि दर मुक्कामी पुन्हा रचणं आलंच.