आईच्या खाटेसमोरची मिस्सा: बॉस्टनचं कॅथलिक टीव्ही

हिवाळ्यात आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिचं चर्चला जाणं थांबलं. वसईत असताना पहाटेची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, तिने क्वचितच चुकवली असेल. इथे बॉस्टनला आमच्याकडे राहायला आल्यावरही तिचा रविवार कधी बुडाला नव्हता. पायाच्या दुखण्यापेक्षा तिला हेच जास्त लागलं.

आधी आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आम्ही ज्या चर्चचे आहोत तिथल्या, मिस्सेचं थेट प्रक्षेपण लावून पाहिलं. मोबाईल मागच्या बाकावर ठेवलेला, वेदी नखाएवढी, प्रवचनावर हीटरची घरघर. दहा मिनिटांत आई म्हणाली, "बंद कर गं, जीव कासावीस होतो." मग कॅथलिक टीव्ही ही वाहिनी लावली, आणि आता सकाळचा चहासुद्धा त्या वेळेनुसार ठरतो.

आर्चबिशप रिचर्ड कुशिंग यांनी १ जानेवारी १९५५ला हे केंद्र सुरू केलं. आता स्टुडिओ शेजारच्या वॉटरटाउनमध्ये आहे. रोजची मिस्सा, जपमाळ, रविवारी नोत्र दाम विद्यापीठाच्या बॅसिलिकातून येणारी मिस्सा, सगळं इंटरनेटवर फुकट बघता येतं. हे काम भाविकांच्या देणग्यांवर चालतं, म्हणून आईच्या सांगण्यावरून आम्हीही अधूनमधून काही पाठवतो.

मला सगळ्यात आवडतो तो इथला कॅमेरा. फादर ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र केलेली भाकर, उंच धरतात तेव्हा तो तिथेच थांबतो. ना लोकांचे चेहरे, ना खिडकीच्या रंगीत काचा. फक्त दोन हात आणि शांतता. आईला इंग्रजी बेताचंच येतं, तरी ती कुठेही अडखळत नाही, कारण मिस्सेचा क्रम तिच्या अंगात मुरलेला आहे. फादर इंग्रजीत म्हणतात, ती मराठीत उत्तर देते. स्वर्गीय पित्याच्या प्रार्थनेत ती त्यांच्या पुढे निघून जाते आणि शेवटी त्यांच्यासाठी थांबते. डोक्यावर पदर घेतल्याशिवाय रिमोटला हात लावू देत नाही.

संत क्लारेची गोष्ट मी तिला इथेच सांगितली. आजारी क्लारा नाताळच्या रात्री मठातच पडून होती, आणि चर्चमधली उपासना तिला खोलीत दिसली-ऐकू आली, अशी आख्यायिका आहे. त्यावरूनच पोप पायस बारावे यांनी १९५८मध्ये तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती संत म्हणून जाहीर केलं. आईने टीव्हीकडे बघून क्रूसाची खूण केली.

महाधर्मप्रांतातले, म्हणजे आर्चबिशपांच्या अखत्यारीतल्या सगळ्या भागातले, मोठे प्रसंगही इथे घरबसल्या दिसतात. ३१ ऑक्टोबर २०२४ला होली क्रॉस कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप रिचर्ड हेनिंग यांचा पदग्रहण सोहळा झाला, तो मी पाहिला होता. एवढ्या मोठ्या शहरातला प्रत्येक धर्मग्राम एकाच छताखाली आल्यासारखा वाटला.

पण एक गोष्ट टीव्हीवर मिळत नाही, आणि ती कुठल्याच वाहिनीवर मिळणार नाही. कम्युनियनच्या वेळी, म्हणजे ख्रिस्तशरीर ग्रहण करायच्या वेळी, आई हात जोडून आध्यात्मिक कम्युनियनची, म्हणजे ते मनोमन स्वीकारण्याची, प्रार्थना म्हणते, आणि मग तिचा चेहरा उतरतो. आजाऱ्यांवर रविवारच्या मिस्सेचं बंधन नाही, हे तिला माहीत आहे. तेवढ्याने तिची भूक भागत नाही. म्हणून ज्यांच्या घरी असं कोणी खाटेला आहे, त्यांनी पहिल्याच आठवड्यात धर्मग्रामात फोन करून आजाऱ्यांच्या यादीत नाव घालावं, म्हणजे कम्युनियन घरी येतं. आम्ही तीन आठवडे उशीर केला, त्याची मला अजून खंत वाटते.

आता शुक्रवारी धर्मग्रामातल्या एक बाई येतात. मी उशाजवळच्या टेबलावर पांढरा रुमाल, क्रूस आणि मेणबत्ती मांडते. बाई गळ्यातल्या पिशवीतून छोटी सोनेरी डबी काढून रुमालावर ठेवतात. टीव्ही आधीच बंद केलेला असतो. आई डोळे मिटते आणि ओठ उघडते.