रोजच्या बॅगेतला रेंजफाइंडर: यॅशिका, झोर्की की कॅनोनेट?

निकाल आधीच सांगतो. रोज बॅगेत टाकून बाहेर पडायला, वाटेत दिसेल ते टिपायला रोलचा जुना रेंजफाइंडर कॅमेरा हवा असेल, तर कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ घ्या. यॅशिका इलेक्ट्रो ३५ ची लेन्स मला त्याहून जास्त आवडते, आणि झोर्की-४ हातात घेतला की ठेववत नाही. तरीही कॅनोनेटच. हे तिन्ही माझ्याकडे आहेत आणि तिन्ही कामावर नेऊन वापरलेत, म्हणून इतक्या ठामपणे लिहितोय.

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. सांगली-मिरज ही माझी टेरिटरी. सकाळी स्टॉकिस्ट, दुपारी मिरजेतली हॉस्पिटलं, संध्याकाळी दवाखाने. दिवसभर गाडीवर फिरायचं आणि डॉक्टर आत बोलावतील तोवर बाकावर बसायचं. फोटो काढायचे ते या मधल्या वेळात. त्यामुळे माझ्या गरजा साध्या आहेत. कॅमेरा औषधांच्या बॅगेत मावला पाहिजे. आयर्विन पुलावरच्या रखरखीत उन्हातून दहा मिनिटांत एखाद्या अंधाऱ्या खोलीत शिरलो तरी तो चालला पाहिजे. आणि शटरचा आवाज होता कामा नये.

या शेवटच्या अटीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण रेंजफाइंडर घ्यायचा तो मुख्यतः त्यासाठीच. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानांत मी नेहमी जातो. भोपळा कापणं, गळ्यावरचं कोरीव काम, हे सगळं दाराशी बसून उजेडात चालतं. पण तंबोऱ्याची जवारी लावायचं काम चाललं असेल तेव्हा दुकानात कुणी बोलतसुद्धा नाही. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, हलकेच कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा फिरवायची. सगळं कानावर. अशा वेळी एसएलआरचा, म्हणजे आरशावाटे लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्याचा, आरसा वर उडून खाडकन खाली आला की त्या माणसाचं काम मोडतं. ते मला पटत नाही. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नसतो. यॅशिका आणि कॅनोनेट या दोघांचं शटर लेन्सच्या आत बसवलेल्या पात्यांचं आहे, त्याचा आवाज नखाने टिचकी मारावी इतकाच. तिथल्या एका काकांनी एकदा विचारलं, "काढणार होता ना फोटो?" म्हटलं, "काढला काका, मघाशीच." झोर्कीचं शटर कापडी पडद्याचं आहे. त्याचा खटका तारेच्या झंकारातही ऐकू येतो. म्हणून जवारी चालू असताना झोर्की मी बाहेर काढत नाही.

ज्यांनी रेंजफाइंडर वापरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुढच्या बाजूला एकमेकींपासून काही अंतरावर दोन खिडक्या असतात. दोन्हींतून येणारी चित्रं व्ह्यूफाइंडरच्या मधल्या पिवळसर चौकोनात एकावर एक पडतात. फोकस रिंग फिरवली की त्यातलं एक सरकतं. दोन्ही जुळली की फोकस झाला. आपण लेन्समधून बघत नसल्यामुळे कमी उजेडातही चौकोन तितकाच स्पष्ट दिसतो, आणि फोटो निघतो त्या क्षणीही समोरचं माणूस नजरेआड होत नाही. चौकटीबाहेरचंही दिसतं. समोरून सायकल येतेय, ती चौकटीत शिरेपर्यंत थांबायचं, हे रेंजफाइंडरवर फार सोपं जातं.

आता यॅशिका. इलेक्ट्रो ३५ मालिका १९६६ ची, माझा जीएसएन १९७३ पासून निघत होता त्यातला. ४५ मिमी, एफ १.७ ची लेन्स. एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं भोक मोठं आणि उजेड जास्त. यात ॲपर्चर, म्हणजे हे भोक, आपण ठरवायचं, शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहणार, ते कॅमेरा ठरवतो. नेमका किती ठरवला ते मात्र सांगत नाही. उजेड कमी असला तर पिवळा दिवा, जास्त झाला तर लाल. बस्स. सुरुवातीला मला हे अपुरं वाटायचं, आता त्याचा फायदा कळलाय. कारण याचं इलेक्ट्रॉनिक शटर अर्ध्या मिनिटापर्यंत स्वतः हिशोब करून उघडं राहतं. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर दिवे लागल्यावर कॅमेरा कठड्यावर टेकवायचा, एफ ८ लावायचं, बटण दाबायचं आणि शटर मिटेपर्यंत हात लावायचा नाही. पाण्यातलं दिव्यांचं प्रतिबिंब असं येतं की कॅनोनेट तिथे जवळपास फिरकत नाही. कॅनोनेटचं सर्वांत मंद शटर एक चतुर्थांश सेकंदाचं, त्याहून जास्त वेळ हवा तर बटण आपल्याच बोटाने दाबून धरायचं.

अडचण सेलची. यॅशिका पूर्णपणे सेलवर अवलंबून आहे. मुळात त्यात ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल जायचा, तो आता बनत नाही. त्याऐवजी ६ व्होल्टचा ४एलआर४४ आणि फटीत एक स्प्रिंग बसवली की काम चालतं, उजेड मोजणारं मीटर चुकत नाही. पण सेल संपला की कॅमेऱ्याकडे एकच स्पीड उरतो, १/५०० सेकंद. भर उन्हात ४०० आयएसओचा रोल असेल (हा आकडा मोठा तितका रोलला उजेड कमी पुरतो) तर एफ १६ लावून निभावता येतं. दवाखान्याच्या बाकावर नाही. शिवाय आतल्या एका छोट्या रबरी पॅडचा अर्ध्या शतकात भुगा होतो, हा या मालिकेचा सर्वांना माहीत असलेला दोष. पॅड शाबूत असेल तर रोल पुढे घेताना आतून स्पष्ट 'ठक्' ऐकू येतं. आवाज आला नाही तर उघडून दुरुस्त करावं लागणार असं समजून किंमत करा. वजन पाऊण किलोच्या घरात. सॅम्पल भरलेल्या बॅगेत ते जाणवतं.

झोर्की-४ मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९५६ ते १९७३ पर्यंत बनला. सोव्हिएत काळातल्या सर्वाधिक खपलेल्या रेंजफाइंडरांपैकी हा एक. ज्युपिटर-८, ५० मिमी, एफ २ ची लेन्स. तिची रचना जर्मन झाइस कंपनीच्या 'सोनार' लेन्सवरून घेतलेली. माणसांचे चेहरे तिच्याइतके मऊ आणि गोल बाकी दोघांत येत नाहीत. लेन्स बदलताही येते, ३९ मिमी आट्यांची कुठलीही बसते. सेल नाही, मीटर नाही, बिघडण्यासारखं इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. आणि चष्मेवाल्यांसाठी एक मोठी सोय: रिवाइंडच्या नॉबखाली चष्म्याचा नंबर जुळवायची कळ आहे, त्यामुळे चष्मा काढूनही फोकस करता येतो. चष्मा ठेवून बघणार असाल तर डोळ्याकडच्या धातूच्या कड्यावर रबर चिकटवून घ्या, नाहीतर काचेवर ओरखडे उठतील.

पण हा कॅमेरा सवड मागतो. रोल नॉब फिरवून पुढे घ्यायचा. शटर स्पीड बदलायचा तो नेहमी रोल पुढे घेतल्यानंतर. आधी बदलला तर आतली यंत्रणा मोडू शकते. लेन्स अनंतावर, म्हणजे सर्वांत दूरच्या फोकसवर, ठेवून सूर्याकडे तोंड करून ठेवला तर कापडी पडद्याला भोक पडतं. पट्टा अडकवायला कडीही नाही, म्हणून चामड्याच्या जड केसमध्येच न्यावा लागतो. रविवारी सकाळी निवांत घाटावर जायचं तर झोर्कीसारखा सोबती नाही. मंगळवारी दुपारी दोन डॉक्टरांच्या मधल्या वीस मिनिटांत तो कामाचा नाही.

कॅनोनेट १९७२ चा. ४० मिमी, एफ १.७. हे ४० मिमी फार नेमकं आहे: खोलीत मागे सरकायला जागा नसली तरी माणूस आणि त्याच्या हातातलं काम दोन्ही मावतात. वजन सहाशे ग्रॅमहून थोडं जास्त. ऑटोवर शटर स्पीड आपण ठरवायचा, ॲपर्चर कॅमेरा ठरवतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काट्याने दाखवतो. आपल्याला नेमकं काय चाललंय ते कळतं, हे मला यॅशिकाच्या दिव्यांपेक्षा बरं वाटतं. उजेड अपुरा असेल तर बटण दाबलंच जात नाही. यातून एक गोष्ट आपोआप साधते. कॅनोनेटचा उजेड मोजणारा सेन्सर लेन्सच्या कड्यातच बसवलेला आहे. लेन्सवर झाकण राहिलं तर त्यालाही अंधार दिसतो आणि शटर अडतं. यॅशिकाचा सेन्सर बॉडीवर आहे. झाकणासकट अख्खा रोल तो खुशाल काढू देईल. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नसल्याने झाकण राहिलेलं कळतच नाही, आणि आज रोल, धुणं, स्कॅनिंग, पुण्या-मुंबईच्या लॅबला पाठवायचं कुरिअर हे सगळं धरलं तर एका फोटोला चाळीस-पन्नास रुपये पडतात. त्यामुळे ही सोय मला लेन्सच्या गुणांइतकीच मोलाची वाटते. फिल्टर लावला तरी मीटर त्यातूनच मोजतं, आयएसओ बदलत बसावं लागत नाही.

सेल यालाही लागतो, पण फक्त मीटरसाठी. सेल काढून टाकला तरी १/४ पासून १/५०० पर्यंत सगळे स्पीड चालतात. फक्त हाताने लावायचे आणि उजेड स्वतः ओळखायचा. माझ्या लेखी निवड इथेच संपते. कडक ऊन असेल तर एफ १६ आणि शटर रोलच्या आयएसओइतकं. ४०० च्या रोलला १/५००. मोकळ्या सावलीत एफ ५.६. सतारीच्या दुकानात आत एफ २ आणि १/३०. एवढे तीन आकडे तोंडपाठ असले की माझा निम्मा दिवस निघतो. उजेड ओळखायला शिकायची ही सवय कॅनोनेटमुळे लागली, यॅशिकावर ती लागली नसती.

मूळ सेल १.३५ व्होल्टचा, पाऱ्याचा, ६२५ नंबरचा. त्या जागी साधा १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला तर काटा उजेड आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो आणि फोटो काळपट येतात. उपाय कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे रोज दिसणारा आहे: श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल, निळ्या पट्टीचा. १.४ व्होल्ट देतो आणि संपेपर्यंत तेवढेच देतो. आकाराने लहान असल्यामुळे भोवती रबरी कडं बसवायचं. पट्टी काढली की आत हवा जाऊन तो सुरू होतो आणि मग वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपतो. पण किंमत इतकी कमी की ती तक्रार होऊ शकत नाही.

रोल भरणंही सोपं. क्यूएल म्हणजे क्विक लोडिंग. रोलचं टोक लाल खुणेपर्यंत ओढायचं आणि मागचं दार लावायचं, बाकीचं तो करतो. गाडी बाजूला लावून, हळदीच्या सौद्यांच्या गर्दीत उभ्या उभ्या रोल बदलता येतो. तिथे हळदीची धूळ मात्र सगळीकडे शिरते, दार उघडायच्या आधी कॅमेरा पुसून घ्या.

लायका या नावाजलेल्या जर्मन रेंजफाइंडरबद्दल विचाराल. १९५४ चा एम३ मी मित्राकडे हाताळलाय, त्याच्या व्ह्यूफाइंडरसारखं दुसरं काही पाहिलेलं नाही. १९८४ च्या एम६ चं उत्पादन २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं, म्हणजे कोरा करकरीत घ्यायचीही सोय आहे. पण किंमत लाखांत. इतकी महागाची वस्तू दवाखान्याच्या बाकावर ठेवून मी दोन मिनिटं आत जाऊ शकत नाही. मग ती रोजची उरत नाही.

सांभाळायचं म्हणाल तर दोन शत्रू: गाडीचे हादरे आणि पावसाळा. हादऱ्यांनी बारीक स्क्रू सैल होतात, चौकोनातली चित्रं वरखाली सरकतात. कॅमेरा डिकीत ठेवू नका, अंगावर ठेवा. जून ते सप्टेंबर घरी हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. नाहीतर लेन्समध्ये बुरशी धरते आणि एकदा काच खाल्ली की ती निघत नाही.

विकत घ्यायला मुंबईचं बोरा बझार, चोर बझार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार. कॅनोनेट यॅशिकापेक्षा महाग सांगतील, तो फरक द्या. पण आधी मागचं दार उघडा. कडेचा काळा स्पंज चिकट डांबरासारखा झाला असेल तर घाबरू नका, लोकरीचा धागा किंवा फेल्ट लावून ते घरी होतं. शटर १/४ वर लावून काही वेळा उडवा आणि मागून पात्यांकडे बघा. कॅनोनेटमध्ये पात्यांवर तेल येऊन ती चिकटतात, ही याची नेहमीची खोड. अडखळली तर साफ करण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. लेन्समधून आरपार टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं का पाहा. मग दूरच्या विजेच्या खांबावर नजर लावून लेन्स अनंतावर न्या. चौकोनातले दोन खांब एक झाले पाहिजेत. दुकानदार "चालू कंडिशन आहे साहेब" म्हणत राहील आणि दार उघडू देणार नाही, तिथून सरळ पुढच्या दुकानात जा.