फिकटलेल्या आर्केड कॅबिनेटवर ॲक्रिलिकचा टच-अप: नऊ महिन्यांनंतर

नोव्हेंबरात लावलेल्या या रंगाने नागपूरचा मे आणि पावसाळ्याचा बराचसा भाग काढला. आर्टिस्ट ॲक्रिलिक, म्हणजे चित्रकारांचे पाण्यात मिसळणारे रंग, टिकले. वरचा क्लिअर कोट (पारदर्शक संरक्षक थर) मात्र खालच्या कडेला उकलला.

कॅबिनेट म्हणजे नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमची पेटी; हे मिडवे कंपनीच्या १९८० च्या पॅक-मॅनचे: अंग पिवळे, बाजूचे चित्र स्टेन्सिल ठेवून फवारलेले. अशा कामाला ऑइल इनॅमल नको. त्याचे फिके रंग पुढे पिवळट होत जातात, आणि डब्याबरोबरचा थिनर चुकून जुन्या रंगाला लागला तर तोही सुटून येतो. धुण्यासाठी अर्धा लिटर पाण्यात चमचाभर भांड्यांचे लिक्विड आणि घट्ट पिळलेले कापड पुरते. टवक्यांत लांबी (पुट्टी) भरून आधी ३२० चा, मग ४०० चा काचपेपर फिरवा आणि प्रायमरचा एक पातळ हात द्या.

खरे कौशल्य रंग जुळवण्यात. नाण्यांच्या दाराची चौकट सोडवली की खाली न विटलेला पिवळा दिसतो आणि तोच जुळवायचा मोह होतो. तसे केलेले ठिगळ खोलीच्या पलीकडूनही ओळखू येते. जुळवायचा तो टवक्याशेजारचा, उन्हाने उडालेला रंग. सुरुवात ८ भाग पिवळा, १ भाग पांढरा, अर्धा भाग यलो ऑकर (मातकट पिवळा) यांनी करा. रंगाचा भडकपणा कमी करायला काळा घालू नका, पिवळा लगेच हिरवट होतो. त्याऐवजी बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) सुईच्या टोकाएवढा पुरतो. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होते, त्यामुळे ओले असताना किंचित फिके ठेवा. कागदावर लावून, वाळवून, दिवसाच्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे पाहा. रंगाच्या ट्यूबवर लाइटफास्टनेसची (उजेडात रंग न विटण्याची) खूण नसेल तर ती घेऊ नका.

चित्राच्या कडांना मास्किंग टेप लावला की रेघ सुरीने कापल्यासारखी येते. फवारलेली मूळ कड मात्र जराशी धूसर असते. म्हणून स्पंजच्या तुकड्यावर अगदी थोडा रंग घेऊन टिपत जावे. शिवाय जुन्या रंगावरून टेप ओढताना पोपडे निघतात, तो धोका वेगळाच.

उन्हाळ्यात पाण्याचा रंग ब्रशवरच वाळतो, म्हणून काम सकाळी आठच्या आत आटपा. दुसरी अडचण मे महिन्यात कळते: ॲक्रिलिक उष्णतेने मऊ पडते आणि वर प्लॅस्टिकचे कव्हर असेल तर त्याला चिकटते. झाकायला जुनी सुती चादर बरी.

क्लिअर कोट पाण्याचा, मॅट (बिनचमकीचा) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. चकचकीत घेतला तर ठिगळ उठून दिसते. तो कॅबिनेटभर देऊ नये, कारण मूळ रंगावरून पुन्हा काढता येत नाही. हात लागणाऱ्या टच-अपपुरता द्यावा. खालची कड उकलली ती कूलरमुळे. ओल्या हवेचा झोत तिथेच येत होता, तळाचा उघडा बोर्ड पाणी पिऊन फुगला आणि वरचा कोट तडकला. आता तळाला शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात दिले आहेत आणि कूलरचे तोंड फिरवले आहे. पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर फवारणे टाळा, दमट हवेत त्यावर दुधाळ पापुद्रा येतो.

उरलेला पिवळा छोट्या काचेच्या बाटलीत झाकण घट्ट लावून ठेवा आणि चिठ्ठीवर प्रमाण लिहा. पुढचा टवका उडेल तेव्हा तोच रंग हाताशी असेल.