डोकं आणि चेहऱ्याचं अ‍ॅनाटॉमी मॉडेल : वर्गात बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मी बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या) पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी शिकवते. आमच्या मुलांना पुढे जन्मभर याच वीतभर जागेत काम करायचं असतं, त्यामुळे स्काल्प (डोक्याची कातडी आणि तिच्याखालचे थर), चेहरा आणि लाळग्रंथी हा भाग कच्चा राहिला तर त्याची किंमत पुढे पेशंटला मोजावी लागते. म्हणून मागच्या बॅचच्या सुरुवातीला विभागासाठी हे प्लॅस्टिकचं डोकं मागवलं. खऱ्या आकाराचं, स्टँडवर बसवलेलं, सुटे भाग निघणारं. आता ते शेकडो हातांतून गेलं आहे, तेव्हा नीट लिहिता येईल.

आधी हे सांगते, की कॅडेव्हरला (अभ्यासासाठीच्या मृतदेहाला) पर्याय म्हणून ते घेतलेलं नाही. पण चेहऱ्याचं डिसेक्शन फार अवघड असतं. चेहऱ्यावर बहुतेक ठिकाणी डीप फॅशिया (स्नायूंवरचं घट्ट आवरण) नाही आणि हावभावांचे स्नायू थेट त्वचेत शिरतात. सुरी जरा खोल गेली की कातडीबरोबर स्नायूही उचलला जातो. फॉर्मॅलिनमधली पॅरोटिड ग्रंथी (कानापुढची लाळग्रंथी) आणि भोवतीची चरबी यांचा रंग इतका जवळचा असतो, की नवख्या मुलाला ग्रंथी कुठे संपली ते कळत नाही आणि तेवढ्यात फेशियल नर्व्हची (चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या नसेची) एखादी फांदी तुटते. कुणीतरी देहदान केलेलं असतं. त्या चेहऱ्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येत नाही. मुलांनी डिसेक्शन हॉलमध्ये शिरण्याआधी कशाखाली काय आहे याचा अंदाज हाताला असावा, एवढ्यासाठी मॉडेल हवं होतं.

मॉडेलची उजवी बाजू वरवरची आहे: हावभावांचे स्नायू, मॅसेटर (चावण्याचा स्नायू), पॅरोटिड, फेशियल आर्टरी (रोहिणी) आणि व्हेन (शीर). डाव्या बाजूला खालच्या जबड्याचा तुकडा निघतो आणि सबमँडिब्युलर (जबड्याखालची) व सबलिंग्वल (जिभेखालची) ग्रंथी दिसतात. डोक्यावर स्काल्पचे थर पायरी-पायरीने कापून दाखवलेत.

सगळ्यात उपयोगी भाग पॅरोटिडचा. ग्रंथी दोन तुकड्यांत निघते. वरचा तुकडा काढला की रेट्रोमँडिब्युलर व्हेन, तिच्या आत एक्स्टर्नल कॅरॉटिड आर्टरी, आणि जबड्याच्या मानेमागे त्या आर्टरीचे मॅक्सिलरी व सुपरफिशियल टेम्पोरल असे दोन भाग झालेले स्पष्ट दिसतात. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) 'पॅरोटिडच्या आत काय काय आहे, बाहेरून आत सांगा' हा प्रश्न ठरलेला. पूर्वी मुलं ओळ घोकून यायची आणि मधेच एखादं नाव गाळायची. आता बोटाने तुकडा उचलल्याची हालचाल करत उत्तर देतात, आणि क्रम चुकत नाही.

पण नेमकी इथेच मॉडेलची मोठी त्रुटी आहे. फेशियल नर्व्ह ग्रंथीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पिवळ्या रंगाने रंगवलेली आहे. खरी नर्व्ह स्टायलोमॅस्टॉइड फोरामेनमधून (कवटीच्या तळाशी, कानाजवळच्या छिद्रातून) बाहेर पडते, मागून ग्रंथीत शिरते, आतच फुटते आणि टेम्पोरल, झायगोमॅटिक, बक्कल, मार्जिनल मँडिब्युलर, सर्व्हायकल अशा पाच फांद्या ग्रंथीच्या कडांखालून बाहेर येतात. पॅरोटिडचं ऑपरेशन जोखमीचं का, ते याच वाटेमुळे. ग्रंथीवर नुसती रेघ पाहिलेल्या मुलाला वाटतं की नर्व्ह बाजूला सारून गाठ काढता येईल. मी शेवटी दोन तुकड्यांच्या मधून भरतकामाचा पिवळा रेशमी धागा नेला, मागे एकच पदर ठेवला आणि पुढे त्याचे पाच केले. वरचा तुकडा उचलला की धागा आत दिसतो. बाहेरची रंगवलेली रेघ अ‍ॅसिटोनने पुसून टाकली. तुम्ही हे मॉडेल घेणार असाल तर हा बदल पहिल्याच दिवशी करा.

धाग्यामुळे दुसरी गोष्टही सोपी झाली. फेशियल नर्व्ह या ग्रंथीतून जाते, पण ग्रंथीला काही पुरवत नाही. लाळ सुटण्याचा निरोप ग्लॉसोफॅरिंजियल नर्व्हकडून येतो. ओटिक गँग्लियनमध्ये (नसेच्या पेशींच्या गाठीत) थांबतो आणि ऑरिक्युलोटेम्पोरल नर्व्हबरोबर ग्रंथीत पोहोचतो. त्यासाठी मी वेगळ्या, हिरव्या रंगाचा धागा लावला. ग्रंथीच्या ऑपरेशननंतर हेच तंतू भलतीकडे, घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळले की जेवताना गालावर घाम येतो. पोलिश डॉक्टर लुच्या फ्राय यांनी 1923 मध्ये याचं वर्णन केलं. हिरवा धागा समोर असला की फ्राय सिंड्रोम समजवायला दोन मिनिटं पुरतात.

पॅरोटिडची नळी मॉडेलवर छान उठावदार आहे. साधारण 5 सेंटिमीटर, मॅसेटरवरून आडवी जाते आणि पुढच्या कडेला वळून बक्सिनेटरमध्ये (गालाच्या स्नायूमध्ये) शिरते. पण ती उघडते कुठे, ते दिसत नाही, कारण मॉडेलचं तोंड बंद. तिथे आम्ही मॉडेल बाजूला ठेवतो. मुलं एकमेकांसमोर बसतात, माउथ मिररने गाल बाहेर ओढतात, वरच्या दुसऱ्या मोलरसमोरचा (दाढेसमोरचा) बारीक उंचवटा शोधतात आणि कापसाने कोरडा करतात. मग जिभेवर लिंबाचा थेंब. काही क्षणांत त्या उंचवट्यावर स्वच्छ, पातळ थेंब जमतो, फुगतो आणि ओघळतो. बाहेरून गालावरून हलका दाब देत पुढे आलं तर दुसरा येतो. गालगुंडाच्या किंवा नळीत पू झालेल्या पेशंटमध्ये डॉक्टर नेमकं इथेच पाहतात, हे त्यानंतर सांगावं लागत नाही.

डाव्या बाजूबद्दल माझं मत चांगलं आहे. सबमँडिब्युलर ग्रंथीचा मोठा वरवरचा भाग, मायलोहायॉइडच्या (तोंडाच्या तळाच्या स्नायूच्या) मागच्या कडेला वळसा घेऊन आत गेलेला छोटा खोल भाग, आणि नळीखालून फिरणारी लिंग्वल नर्व्ह (जिभेची नस), हे सगळं योग्य जागी आहे. लाळेचे खडे बहुतांश याच ग्रंथीत का होतात, ते नळीकडे पाहिलं की पटतं: लाळेला वर चढत जावं लागतं, आणि ती पॅरोटिडच्या लाळेपेक्षा घट्टही असते. मार्जिनल मँडिब्युलर नर्व्ह मात्र जबड्याच्या कडेवर दाखवली आहे. ती अनेकांत कडेच्या खाली उतरते, म्हणूनच सर्जन इथला छेद कडेपासून दोनेक बोटं खाली घेतात. इथेही धागाच लावला.

फेशियल व्हेन डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी येऊन थांबते. तिचा ऑर्बिटमधल्या (डोळ्याच्या खोबणीतल्या) शिरांशी, आणि त्यांच्यामार्फत कॅव्हर्नस सायनसशी (मेंदूखालच्या शिरेच्या पोकळीशी) असलेला संबंध दाखवलेला नाही. वरच्या ओठाजवळची पुळी का फोडू नये (संसर्ग याच वाटेने आत जाऊ शकतो) हे शिकवायला वेगळं चित्र लागतंच.

स्काल्पने निराशा केली. पाच थर पाच रंगांत आहेत, नावं पाठ करायला ठीक. पण स्काल्पमधलं खरं महत्त्व थरांच्या वागण्यात आहे, आणि ते कडक प्लॅस्टिकमध्ये येत नाही. दुसऱ्या थरातल्या घट्ट तंतूंना रक्तवाहिन्या चिकटलेल्या असतात. कापल्यावर त्या आक्रसू शकत नाहीत, म्हणून डोक्याची लहानशी जखमही भळाभळा वाहते. चौथा थर सैल. पुढे फ्रंटॅलिस (कपाळाचा स्नायू) हाडाला चिकटत नाही, भुवईच्या त्वचेत शिरतो, त्यामुळे त्या थरात साचलेलं रक्त उतरून पापण्यांत येतं आणि मार डोक्याला लागलेला असताना डोळे काळेनिळे होतात. हे मी मुलांच्या स्वतःच्या डोक्यावर शिकवते. बोटं केसांत रोवा आणि हलवा: वरचे तीन थर एकत्र सरकतात, खालचं हाड जागेवर राहतं. सरकतं ते चौथ्या थरावरून. मग कानापुढे ट्रेगससमोर (कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यासमोर) बोट ठेवून सुपरफिशियल टेम्पोरलची नाडी, आणि दात आवळून मॅसेटरच्या पुढच्या कडेला, जबड्याच्या खालच्या काठावर फेशियल आर्टरीची. एकदा हाताला लागलेली नाडी परीक्षेत विसरत नाही.

टिकाऊपणा मध्यम. कवटीची टोपी मॅग्नेटने बसते आणि ते अजून शाबूत आहे. पॅरोटिडची खालची खुंटी काही आठवड्यांतच सैल झाली. आता ग्रंथी नुसती टेकवून ठेवावी लागते. स्नायूंवरचे नंबर छापील स्टिकर आहेत आणि हाताच्या घामाने ऑर्बिक्युलॅरिस ऑरिसवरचे (ओठांभोवतीच्या स्नायूवरचे) निघाले. स्पॉटर्सच्या (भाग ओळखण्याच्या परीक्षेच्या) दृष्टीने ते बरंच झालं, पण घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्याची अडचण होईल. सोबतच्या यादीत झायगोमॅटिकस मेजर आणि मायनरचे नंबर उलटे छापलेत, ते सुधारून घ्या. साबणाच्या ओल्या फडक्याने पुसलं तर रंग टिकतो. स्पिरिट लावलेल्या जागी ओठांचा रंग उतरला.

कॉलेजने, क्लासने किंवा चार-पाच मुलांनी मिळून घ्यावं असं हे मॉडेल आहे. फिजिओथेरपिस्टनाही सुचवेन: बेल्स पाल्सीच्या (चेहऱ्याच्या एका बाजूच्या लकव्याच्या) पेशंटला कपाळ, पापणी आणि ओठ एकाच बाजूचे एकदम का ढिले पडले, हे पिवळ्या धाग्यावरून दाखवलं की तो व्यायाम मनापासून करतो, असं आमच्या शेजारच्या विभागातल्या मॅडम सांगतात. त्या दर आठवड्याला डोकं मागून नेतात. फक्त स्काल्पसाठी घेणार असाल तर घेऊ नका. आणि पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा: पॅरोटिडचे तुकडे सुटे विकत मिळतात का, आणि वरचा तुकडा काढल्यावर आत काय दिसतं त्याचा फोटो. आमच्या विक्रेत्याने सुटे भाग मिळतील असं तोंडी सांगितलं होतं, बिलावर लिहून दिलं नाही. खुंटीसाठी मी अजून वाट पाहते आहे.