मुलाच्या ऑपरेशनसाठी म्हणून दिलेले ४१,१०० रुपये, आणि असा कुणी मुलगाच नाही

रागात लिहितेय, पुढेमागे झालं तर समजून घ्या. तीन वेळा मिळून ४१,१०० रुपये गेले. आधी ११,०००, मग २५,०००, शेवटी ५,१००. तिन्ही यूपीआयने, तिन्हीच्या पावत्या माझ्याकडे आहेत, पावतीवर ट्रस्टचं नाव आहे, ८०जीचा (देणगीवरच्या करसवलतीचा) नंबर आहे, गोल शिक्का आहे, सही आहे, आणि यातला एक रुपयाही ट्रस्टला गेलेला नाही.

असे फोन सगळ्यांनाच येतात. "मॅडम, पैसे नाही मागत, फक्त दोन मिनिटं ऐकून घ्या." एरवी मी पण कट करते. पण तेव्हा बाबांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि घरात ठरलं होतं की पंगत घालायची नाही, तो खर्च कुणाच्या तरी कामी येऊ दे. बाबा स्वतः कित्येक वर्षं आनंदवनाला मनीऑर्डर करायचे. आम्हाला वाटलं यावेळी एखाद्या मुलाच्या उपचाराला देऊ, डोळ्यासमोर कुणाचं तरी भलं झालेलं दिसेल. नेमका तेव्हाच हा फोन. चार वर्षांचा मुलगा, हृदयाला छिद्र, आईवडील मराठवाड्यातले शेतमजूर, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन, साडेतीन लाखांपैकी थोडेच कमी पडतायत. व्हॉट्सॲपवर मुलाचा फोटो आला, नाकाला नळी लावलेला, मागे हिरवा पडदा, आणि हॉस्पिटलच्या लेटरहेडवर एस्टिमेट.

आता सगळे विचारतात, चौकशी नाही केलीस का? केली होती! नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर (तिथे स्वयंसेवी संस्थांची नोंद असते) त्या नावाची संस्था आहे, नंबर जुळत होता. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणीही खरी निघाली. एवढं तपासणारे किती जण असतात सांगा. नंतर कळलं की हे सगळे नंबर एका खऱ्याखुऱ्या, जुन्या ट्रस्टचे आहेत आणि या लोकांनी ते उचलून आपल्या पावतीवर छापलेत. म्हणजे कागद खरे, माणसं खोटी. म्हणून ओरडून सांगतेय की नंबर जुळला म्हणजे समोर बोलणारा माणूस त्या संस्थेचा झाला असं नाही, पोर्टलवर संस्थेचा जो पत्ता-फोन असतो त्यावर आपण फोन लावायचा, त्यांनी दिलेल्या नंबरवर नाही.

आणि तो क्षण. तो आठवला की अजून अंगाची आग होते. पहिल्यांदा क्यूआर स्कॅन केला तेव्हा स्क्रीनवर ट्रस्टचं नाव आलंच नाही, कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव आलं. मी थांबले. रक्कम टाकून झाली होती, पिन टाकायचा बाकी होता, आणि फोन करणाऱ्या मुलीला मी सरळ विचारलं की हे नाव कुणाचं? ती मुलगी जराही अडखळली नाही. "मॅडम, ते आमच्या कलेक्शन एजन्सीचं खातं आहे, ट्रस्टच्या खात्याची आजची लिमिट संपलीय, बाळाचं डिपॉझिट संध्याकाळपर्यंत भरायचंय हो." आणि मी पिन टाकला. बँकेचं ॲप मला डोळ्यासमोर लिहून दाखवत होतं की पैसे कुणाच्या खात्यात चाललेत. पण संध्याकाळपर्यंत डिपॉझिट भरलं नाही तर मुलाचं ऑपरेशन पुढे जाईल असं कुणी सांगितल्यावर नावावरून वाद घालत बसायचं का? कुठलाही भला माणूस तेव्हा पैसेच देईल, आणि हे त्यांना पक्कं माहीत असतं. घाई हीच त्यांची मुख्य चाल. देणगी ट्रस्टच्याच नावाच्या खात्यात गेली पाहिजे, एजन्सी, ट्रेडर्स, एंटरप्रायझेस, कुणाचं वैयक्तिक नाव काहीही आलं की तिथेच बंद करा, मग पलीकडे कोणी रडत असलं तरी.

पुढचं सांगायला फार नाही. ऑपरेशन झालं पण इन्फेक्शन झालं, आयसीयू वाढला, म्हणून २५,०००. मग औषधांचे ५,१००. मध्ये "मुलाच्या आईचा" व्हॉइस मेसेज आला, ताई तुमचे उपकार कसे फेडू. तो मी माझ्या आईला ऐकवला होता. तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं. याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

उघड झालं रिटर्न भरताना. मी जुन्या टॅक्स पद्धतीत आहे (नव्या पद्धतीत ८०जीची सूट मिळतच नाही, तरी हे फोनवाले सगळ्यांना सूट मिळेल म्हणून सांगतात). सीएने विचारलं, १०बीई कुठंय? मी पावती दाखवली. तो म्हणाला, पावतीचे दिवस गेले, आता संस्थेने इन्कम टॅक्सकडे १०बीडी फॉर्म भरायचा असतो आणि ३१ मेपर्यंत देणगीदाराला १०बीई सर्टिफिकेट द्यायचं असतं, ते नसेल तर सूट नाही. मग त्याने पावतीवरच्या पॅन नंबरवर बोट ठेवलं. चौथं अक्षर पी. पी म्हणजे व्यक्ती, ट्रस्ट असेल तर साधारणपणे टी असतं, काही संस्थांचं ए, कंपनी असेल तर सी. एवढी मोठी खूण पावतीवर छापलेली आणि आपल्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं. तुमच्याकडच्या सगळ्या पावत्या काढा आणि चौथं अक्षर आजच बघा.

खऱ्या ट्रस्टला फोन केला तर तिथले काका म्हणाले, ताई, तुमच्यासारखे बरेच फोन येतायत, आम्हीच वैतागलोय. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात गेले, त्या बाईंनी नीट पाहून सांगितलं की या नावाचा पेशंट नाही आणि हे एस्टिमेट आमच्या फॉरमॅटमध्येच नाही. त्यांनीच सांगितलं की मोठ्या हॉस्पिटलात वैद्यकीय समाजसेवक असतो, कुणाला मदत करायची तर त्याला भेटा, पेशंटचा नंबर घ्या आणि पैसे थेट हॉस्पिटलच्या काउंटरवर त्या पेशंटच्या नावे भरा. शिवाय मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होतात, महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पुढच्या वेळी कुणी हृदयाचं ऑपरेशन म्हणून फोन केला की पहिला प्रश्न हाच विचारा, योजनेत अर्ज केलाय का? उत्तर आलं नाही तर फोन ठेवा.

मग तो फोटो कुणाच्या मुलाचा होता? कुणाचं तरी आजारी लेकरू होतं ना ते. त्याच्या आईबापांना माहीत तरी असेल का?

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत, ओटीपी कुणी काढून घेतला नाही, ही देणगी झाली, यात फसवणूक कुठे?" अहो, खोटं सांगून पैसे काढले तर ती फसवणूकच, भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम कशासाठी आहे? मग म्हणाले सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले खूप महिने झाले, पैसे खात्यातून कधीच निघून गेले असतील (हे खरं आहे, १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला तरच पैसे अडवता येण्याची शक्यता असते, पण मला कळलंच उशिरा, मी लगेच कुठून करणार?). बँक म्हणते व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, खातेदाराची माहिती हवी तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेकडून माहिती आणा, मग बघू. ट्रस्टांचं काम बघणाऱ्या सरकारी ऑफिसात गेले तर तिथल्या साहेबांनी अर्ज न वाचताच परत सरकवला. म्हणाले, आम्ही नोंदणी झालेल्या ट्रस्टचंच बघतो, ही माणसं आमच्याकडे नोंदलेलीच नाहीत, ज्यांचं नाव वापरलंय त्यांनी यावं. म्हणजे ट्रस्ट खरा असेल तर त्याला हिशोब द्यावा लागतो, ऑडिट करावं लागतं, आणि ट्रस्ट खोटा असेल तर तो कुणाच्याच हद्दीत येत नाही? खऱ्या संस्थांच्या मागे कागदांचा ससेमिरा आणि चोरांना मोकळं रान, आणि वर मलाच विचारतात, एवढे पैसे द्यायची काय गरज होती!

शेवटी ऑनलाइन तक्रार नोंदवली. पोच मिळालीय, त्यापुढे काही नाही. एक अधिकारी तेवढे नीट बोलले, त्यांनी सांगितलं की एकाच यूपीआय आयडीबद्दल आणखी लोकांच्या तक्रारी आल्या तर गुन्हा दाखल करायला जोर येईल. म्हणून विनंती आहे, हृदयाचं ऑपरेशन आणि ट्रेडर्सच्या नावाचा क्यूआर अशी देणगी तुम्ही किंवा तुमच्या घरच्या कुणी दिली असेल तर लाजू नका, पावती, व्यवहाराचा यूटीआर नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, चॅट डिलीट करू नका, आणि मला कळवा. सगळ्यांच्या तक्रारी एकत्र घेऊन मी परत त्या ठाण्यात जाणार आहे.